विरळ वस्ती म्हणजे कोणाची वस्ती? हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या स्थानाविषयीच्या वादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्ष थांबल्यानंतर काही दिवसांनी अमृतसर येथे एक वेगळाच वाद उभा राहिला. संघर्षाच्या काळात सुवर्णमंदिराच्या परिसरात विमानवेधी तोफा बसविण्यास मंदिर व्यवस्थापनाने अनुमती दिली होती, असे विधान लष्कराच्या हवाई संरक्षण विभागाचे महासंचालक लेफ्टनंट जनरल सुमेर इवान डी'कुन्हा यांनी एका मुलाखतीत केले. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने ते तत्काळ नाकारले. मुख्य ग्रंथी त्या काळात परदेशात होते, असाही खुलासा झाला. अखेरीस २० मे २०२५ रोजी लष्करानेच निवेदन काढून मंदिराच्या आवारात हवाई संरक्षणाचे कोणतेही साधन तैनात केलेले नव्हते, असे स्पष्ट केले.

वाद दोन-तीन दिवसांत मिटला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. तोफा मंदिराचे रक्षण करण्यासाठीच होत्या असे सांगितले गेले, तरीही त्या तेथे 'होत्या' हे ऐकणे लोकांना अप्रिय वाटले. रक्षण करणारे शस्त्र जेथे ठेवले जाते, ते स्थान त्या क्षणापासून शत्रूचे लक्ष्य ठरते, ही जाणीव सामान्य माणसास युद्धशास्त्राचे पुस्तक न वाचताही असते.

हवाई संरक्षण क्षेपणास्त्रे दाट वस्तीत ठेवावीत की नाहीत, हा प्रश्न बहुधा 'सुरक्षा विरुद्ध भीती' अशा स्वरूपात मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शस्त्र शहरातून हलविले की वाद संपला असे मानले जाते. परंतु ते हलवून जेथे नेले जाते ती जागा कोणाची, हे क्वचितच विचारले जाते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. महानगरास लागणारे, पण महानगरात न मावणारे असे बरेच काही या मुलखाने आजवर पोटात घेतले आहे.

तटबंदी, मैदान आणि उठविलेली घरे

शस्त्र आणि वस्ती यांच्या शेजाराचा प्रश्न क्षेपणास्त्रांबरोबर जन्मलेला नाही. तोफांच्या काळातही तो होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याच्या जवळ, माऱ्याच्या टप्प्यात दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो तोडावा किंवा तोही बांधून ताब्यात घ्यावा, अशा आशयाचा उपदेश आहे. शस्त्राभोवतीची जमीन ही शस्त्राचाच भाग होय, असा विचार त्यामागे दिसतो. माहुलीसारख्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना याचा अर्थ अनुभवाने ठाऊक होता. १६३६ मध्ये शहाजीराजांनी याच किल्ल्याच्या आश्रयाने मोगल व विजापूरकर यांच्या फौजांना तोंड दिले. वेढा किल्ल्यास पडतो, परंतु फौजेचा तळ पायथ्याच्या शेतांत पडतो.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. आपल्या पराक्रमाची ही कथा आपण अभिमानाने शिकवितो. तिचा मुंबईच्या भूगोलावर झालेला परिणाम मात्र सहसा शिकवीत नाही. कोटाभोवती खंदक खणण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. तटावरील तोफांना समोरचे दिसले पाहिजे, म्हणून तटाबाहेरील झाडे व घरे हटविण्यास प्रारंभ झाला. पुढील दशकांत फ्रेंचांच्या भीतीने मोकळ्या पट्ट्याची रुंदी टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. हाच एस्प्लनेड होय. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान व ओव्हल ही मैदाने त्याचेच अवशेष आहेत. ज्यांची घरे व वाड्या उठविण्यात आल्या, ते लोक मैदानाच्या पलीकडे सरकले. १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीनंतर कोटातील दाटी कमी करण्याच्या धोरणाने या स्थलांतरास आणखी गती दिली. कोटात सत्ता व व्यापार, मध्ये तोफांसाठी मोकळी जमीन आणि पलीकडे 'नेटिव्ह टाऊन' अशी शहराची रचना दीर्घकाळ टिकली. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात तट पाडण्यात आला तेव्हा त्या तोफांनी कोणा मोठ्या शत्रूवर मारा केल्याची नोंद नव्हती. त्यांनी हलविली ती घरेच.

या अनुभवाचे कायद्यात रूपांतर झाले ते १९०३ च्या संरक्षण बांधकाम अधिनियमाने. संरक्षणविषयक बांधकामाच्या भोवतालची जमीन इमारती व अन्य अडथळ्यांपासून मोकळी ठेवणे हा त्याचा उद्देश. बाहेरील कठड्यापासून २,००० यार्ड, १,००० यार्ड आणि ५०० यार्ड अशा तीन मर्यादांमध्ये उत्तरोत्तर कडक निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ज्यांच्या जमिनीच्या उपभोगावर निर्बंध येतील, त्यांना नुकसानभरपाईची तरतूदही केली. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मूळ कायद्याची चिंता तोफेची आहे, शेजाऱ्याची नव्हे. वस्तीने शस्त्रास अडथळा करू नये, हा त्याचा गाभा. शस्त्राने वस्तीस धोका पोहोचवू नये, हा विचार नंतर त्यात वाचला गेला.

१४ एप्रिल १९४४

शस्त्राने वस्तीस कोणता धोका पोहोचतो याचे उत्तर मुंबईस दुसऱ्या महायुद्धात मिळाले. फोर्ट स्टिकिन हे जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा, कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही होत्या. अतिसंवेदनशील स्फोटके वाहणारी जहाजे गोदीत आणू नयेत, ती बाहेर समुद्रात उभी करून पडावांनी माल उतरवावा, हा नेहमीचा नियम. युद्धाच्या निकडीमुळे तो शिथिल झालेला होता. १४ एप्रिलला दुपारी आग दिसली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. मृतांचा अधिकृत आकडा सातशेच्या वर असून प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच अधिक असावी, असे मानले जाते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले, म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटाची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

हे क्षेपणास्त्र नव्हते व हवाई संरक्षणाचे साधनही नव्हते, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. परंतु या घटनेतील एक अंग पुढील सर्व वादांत पुन्हा पुन्हा भेटते. धोक्याचा नियम अस्तित्वात होता. तो शिथिल करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते निराळे आणि मशीद बंदर, मांडवी परिसरात राहणारे हमाल, गोदी कामगार व लहान व्यापारी निराळे. दोन दिवस आपल्या उशाशी काय उभे आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. स्फोटकांच्या जहाजाने लावावयाचा लाल बावटाही त्या जहाजावर नव्हता.

क्षेपणास्त्रे शहराच्या दारात

क्षेपणास्त्राच्या युगात हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेत. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांच्या भीतीने १९५४ पासून तेथील प्रमुख शहरांभोवती 'नाइकी अजॅक्स' या क्षेपणास्त्रांचे तळ उभारले गेले. त्यांचा पल्ला चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आसपास असल्याने ती दूर ठेवून उपयोग नव्हता. शहराच्या कडेला, प्रसंगी शहराच्या आतच ठेवणे भाग होते. शिकागोत सरोवराकाठच्या सार्वजनिक उद्यानांत हे तळ होते. तांत्रिक अपरिहार्यता अशी की पल्ला जितका आखूड, तितके शस्त्र रक्षणीय स्थळाच्या जवळ. शिवाय क्षेपणास्त्र उडाल्यानंतर त्याचा खालचा प्रवेगक भाग गळून जमिनीवर पडतो, त्यासाठी वेगळी मोकळी जागा राखावी लागे. आकाशात भेदलेल्या विमानाचे अवशेष कोठे पडतील याचा हिशेब तर कोणालाच करता येत नव्हता.

आरंभी लोकांनी या तळांचे स्वागत केले. तळ पाहण्यासाठी नागरिकांना बोलाविले जाई. २२ मे १९५८ रोजी न्यू जर्सीतील मिडलटाऊन येथील तळावर दुरुस्तीचे काम चालू असताना एका क्षेपणास्त्राचा स्फोट झाला आणि पाठोपाठ शेजारची आणखी सात पेटली. दहा माणसे मृत्युमुखी पडली. तरीही मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही. 'नाइकी हर्क्युलिस' ही पुढची पिढी तर अण्वस्त्र वाहण्यास सक्षम होती आणि ती शहरांलगतच होती.

वाद पेटला तो एका दशकानंतर. सप्टेंबर १९६७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी 'सेंटिनेल' या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची घोषणा केली. शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातच नष्ट करण्यासाठी 'स्पार्टन' व 'स्प्रिंट' ही अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे बोस्टन, शिकागो, सिॲटल अशा महानगरांलगत बसविण्याची योजना होती. लोक आपल्या शहरास संरक्षण मिळाले म्हणून आनंदित होतील, अशी शासनाची समजूत. घडले उलट. शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञांनी नागरिकांच्या सभांतून धोके समजावून सांगण्यास आरंभ केला. जानेवारी १९६९ मध्ये बोस्टनच्या उपनगरातील रेडिंग येथे एका शाळेत भरलेल्या सभेत लष्करी अधिकाऱ्यांना संतप्त प्रश्नांना सामोरे जावे लागले. 'परसातले बॉम्ब' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून रूढ झाला. फेब्रुवारीत नवे संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी काम थांबविले आणि १४ मार्च १९६९ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी योजनेचे स्वरूपच बदलले. आता तिचे नाव 'सेफगार्ड' झाले. सिनेटमध्ये ६ ऑगस्ट १९६९ रोजी ५०-५० अशी समान मते पडली व उपाध्यक्षांच्या मताने ती तरली.

या बदलाचा नीट अर्थ लावणे क्रमप्राप्त आहे. क्षेपणास्त्रे महानगरांपासून दूर, नॉर्थ डाकोटा व माँटाना या राज्यांच्या विरळ वस्तीच्या प्रदेशात नेण्याचे ठरले. त्याचबरोबर त्यांचे कामही बदलले. ती आता माणसांचे नव्हे, तर अमेरिकेच्या आक्रमक क्षेपणास्त्रांच्या जमिनीतील कोठारांचे रक्षण करणार होती. उपनगरांतील सुशिक्षित, मतदानात वजन असलेल्या नागरिकांनी शस्त्र दारातून घालविले. ज्या शेतकऱ्यांच्या दारात ते गेले त्यांच्यापाशी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नव्हते. नॉर्थ डाकोटातील तळ १ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने तो बंद करण्याच्या बाजूने मत दिले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

लंडन, २०१२

अमेरिकेतील वाद हा शीतयुद्धातला होता. शांततेच्या काळात, लोकशाही राज्यात, गृहसंकुलाच्या छपरावर क्षेपणास्त्र ठेवण्याचा प्रसंग लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने आला. अपहृत विमान क्रीडानगरीवर कोसळविले जाईल या भीतीने सहा ठिकाणी 'रेपियर' व 'स्टारस्ट्रीक' ही आखूड पल्ल्याची क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले. चार ठिकाणे माळराने, टेकड्या, जलाशय अशी होती. उरलेली दोन म्हणजे बो क्वार्टर या संकुलातील जलमनोरा आणि लेटनस्टोन येथील फ्रेड विग टॉवर ही सतरा मजली इमारत. रहिवाशांना प्रथम कळले ते घरी टाकलेल्या पत्रकांवरून.

बो क्वार्टर ही वास्तू म्हणजे एकेकाळचा ब्रायंट अँड मे यांचा आगपेट्यांचा कारखाना. १८८८ मध्ये फॉस्फरसच्या विषारी कामाविरुद्ध तेथील स्त्री-कामगारांनी केलेला संप कामगार इतिहासात प्रसिद्ध आहे. धोक्याचे काम कोणाच्या वाट्यास यावे, हा प्रश्न त्या भिंतींना नवीन नव्हता, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

फ्रेड विग टॉवरचे भाडेकरू न्यायालयात गेले. आमच्याशी विचारविनिमय झाला नाही आणि कौटुंबिक जीवन व मालमत्ता यांविषयीच्या आमच्या हक्कांवर अतिक्रमण झाले, असे त्यांचे म्हणणे. १० जुलै २०१२ रोजी न्यायमूर्ती हॅडन-केव्ह यांनी दावा पुढे चालविण्यास अनुमती नाकारली. राष्ट्रसंरक्षणाच्या अशा निर्णयात रहिवाशांशी विचारविनिमय करण्याचे कायदेशीर बंधन संरक्षण खात्यावर नाही, असा त्याचा आशय. क्षेपणास्त्रे छपरावर चढली, ऑलिंपिक निर्विघ्न पार पडले, ती खाली उतरली. निकाल चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही; आकाशातून येणाऱ्या धोक्यास तोंड देताना घरोघर मतदान घेता येत नाही. परंतु विचारणे आणि मत घेणे यांत फरक आहे. वेळ होता, धोका निश्चित नव्हता, पर्यायी जागांचा विचार कसा झाला हे सांगता आले असते. ते सांगितले गेले असते तरी निकाल तोच लागला असता. कदाचित दावाच झाला नसता.

आंतरराष्ट्रीय कायद्याची भाषा

१९४९ च्या जिनिव्हा करारांस १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त मसुद्याच्या कलम ५८ मध्ये या विषयाचे थेट उत्तर सापडते. युद्धातील पक्षांनी शक्य असेल तेवढ्या कमाल मर्यादेपर्यंत दाट वस्तीत किंवा तिच्या जवळ लष्करी लक्ष्ये ठेवणे टाळावे, असे ते सांगते. 'शक्य असेल तेवढ्या' या शब्दांतच सर्व वादाचे बीज आहे. लहान, दाट लोकवस्तीच्या देशांना शस्त्र ठेवण्यास मोकळी जागाच नसते, हे मसुदा तयार करणाऱ्यांना ठाऊक होते. भारताने मूळ चार करार स्वीकारले असून १९६० चा जिनिव्हा करार अधिनियमही केला आहे. पहिल्या अतिरिक्त मसुद्यास मात्र संमती दिलेली नाही.

युक्रेनमधील युद्धाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने युक्रेनी सैन्य शाळा, रुग्णालये व निवासी भागांत तळ ठोकून नागरिकांना धोक्यात घालीत असल्याचे म्हटले. आक्रमण झालेल्या देशाने आपल्या शहराचे रक्षण शहराबाहेर राहून कसे करावे, असा प्रतिप्रश्न उठला आणि संस्थेच्या युक्रेन शाखेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मॉस्कोतील इमारतींच्या छपरांवर रशियाने 'पान्तसिर' यंत्रणा चढविल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. रक्षक क्षेपणास्त्र सर्वांसाठी निर्धोक नसते हेही याच युद्धात दिसले. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलंडच्या सीमेवरील प्शेवोदुव या खेड्यात क्षेपणास्त्र पडून दोघे दगावले. ते बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचेच भरकटलेले क्षेपणास्त्र होते. जे दगावले ते लढणाऱ्या देशाचे नव्हते आणि शहराचेही नव्हते.

'विरळ वस्ती'

येथवरच्या विवेचनात शहर हे केंद्र आहे. आता दृष्टी उलट दिशेने वळवावयास हवी. शहरातून टळलेले संरक्षण-साधन जेथे जाते, तेथे काय घडते?

१९८० च्या दशकात ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बालियापाल येथे राष्ट्रीय क्षेपणास्त्र चाचणी तळ उभारण्याचे ठरले. समुद्रकिनारा, मोकळी जमीन, दूरचा प्रदेश अशी निवडीची कारणे. प्रत्यक्षात ती जमीन पानमळ्यांची, नारळीची आणि सुपीक होती. गावकऱ्यांनी रस्त्यांवर अडसर उभारून अधिकाऱ्यांना आत येऊ दिले नाही. तो तळ तेथे झाला नाही. कार्यालयातील नकाशावर जी जागा 'उपलब्ध' दिसते, ती पायी चालून गेल्यावर कोणाची तरी शेतजमीन असते, हा बालियापालचा धडा होय.

आपल्या जिल्ह्यातील नेवाळीचा धडा त्याहून कडू आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईपासून दूर, तरीही हाकेच्या अंतरावर म्हणून कल्याणजवळ विमानतळ बांधण्यात आला आणि नेवाळी व आसपासच्या गावांची सुमारे १,६०० एकर जमीन त्यासाठी घेतली गेली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळावयास हवी होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे; ती संरक्षण खात्याच्या मालकीची आहे, असे नौदलाचे. मधल्या काळात पिढ्यान्‌पिढ्या लोक ती कसत राहिले. २०१७ मध्ये नौदलाने कुंपण घालण्यास आरंभ केला आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलनास हिंसक वळण लागले. वाहने जाळली गेली, पोलिसांनी बळाचा वापर केला, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. युद्धकाळात तातडीने घेतलेल्या निर्णयाचा हिशेब सत्तर वर्षांनी रस्त्यावर मागितला गेला. १९४० च्या दशकात जो भाग 'शहरापासून दूर' होता, तो आज कल्याण, अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या वस्तीने वेढलेला आहे.

पुणे जिल्ह्यात हाच प्रकार 'रेड झोन' या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती २,००० यार्डांची मर्यादा आहे, म्हणजे १९०३ च्या कायद्यातील सर्वांत बाहेरची रेषा. दिघीच्या भांडाराभोवती ती १,१४५ मीटर आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामास आलेल्या माणसांनी गुंठा-दोन गुंठे जमीन घेऊन या रेषांच्या आत घरे बांधली. ती अधिकृत होत नाहीत, त्यांवर कर्ज मिळत नाही आणि मर्यादा कमी करण्याचे आश्वासन निवडणुकांत नियमित दिले जाते. येथे शस्त्र वस्तीत आले की वस्ती शस्त्राकडे गेली, हा वाद निरर्थक आहे. स्वस्त जमीन धोक्याच्या सावलीत असते, म्हणून गरीब माणूस तेथे जातो. संरक्षण मंत्रालयाने १८ मे २०११ रोजी लष्करी आस्थापनांभोवतीच्या बांधकामांवर कडक बंधने घातली व २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अनेक ठाण्यांपुरती ती मोठ्या प्रमाणात सैल केली. मुंबईतील पुनर्विकासाचा दबाव या सैलपणामागे नव्हता असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या रेड झोनमधील गुंठेवारीवाल्यांचा दबाव मात्र तितका पुरला नाही.

आता शहापूर-मुरबाडकडे यावे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण, १९५७ चे मोडकसागर, पुढे भातसा आणि २०१४ चे मध्य वैतरणा ही सर्व मुंबईच्या पाण्याची व्यवस्था ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या याच डोंगरपट्ट्यात आहे. त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे आपण दरवर्षी पाहतो. युद्धाच्या कायद्याच्या दृष्टीने ही धरणे विशेष संरक्षित वास्तू होत. पहिल्या अतिरिक्त मसुद्याचे कलम ५६ धरणांवरील हल्ल्यास मर्यादा घालते आणि त्यांच्या जवळ लष्करी लक्ष्ये ठेवणे टाळावे असे सांगते. परंतु त्याच कलमाचा पाचवा परिच्छेद केवळ धरणाच्या रक्षणासाठी, हल्ला परतवून लावण्यापुरती शस्त्रे तेथे ठेवण्यास मुभाही देतो. म्हणजे महानगराच्या पाण्याचे रक्षण हा विषय उद्या कोणी मांडला, तर 'वस्तीपासून दूर' या निकषावर आपला परिसर आदर्श ठरेल. त्या रक्षणास विरोध करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. धरण फुटले तर प्रथम वाहून जाणारे आपणच आहोत. प्रश्न आहे तो मोजणीचा.

डोंगरपट्ट्यातील ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी यांची वस्ती पाड्यांत विखुरलेली असते. महसुली नोंदीत गाव असते, पाडे त्याच्या पोटात धरले जातात. १९०३ च्या कायद्यातील भरपाई जमिनीत ज्याचा हितसंबंध सिद्ध होतो त्याला मिळते आणि तो सिद्ध करण्याचे सोपे साधन म्हणजे सातबारा. वनजमिनीवरील प्लॉट पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव त्यावर नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही उणीव अंशतः दूर केली. तरी सर्वांचे दावे मंजूर झालेले नाहीत. बोस्टनच्या उपनगरापाशी शास्त्रज्ञ होते, लेटनस्टोनच्या भाडेकरूंपाशी वकील होते, नेवाळीच्या शेतकऱ्यांपाशी निदान जुने फेरफार होते. पाड्यापाशी यांतले फारसे काही नाही.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. मुंबई, ठाणे, उरण, तारापूर येथे भोंगे वाजले. शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूच्या विद्यार्थ्यांनी ते दूरचित्रवाणीवर ऐकले. त्यानंतरच्या सत्रात, अभ्यासक्रमातील शीतयुद्धाचे प्रकरण शिकविताना, सेंटिनेलचा विषय निघाला. वर्गात परिसराचा स्थलदर्शक नकाशा पसरून २,००० यार्ड त्रिज्येचे, म्हणजे सुमारे १.८३ किलोमीटरचे एक वर्तुळ काढले आणि त्याच्या आत कोण राहते ते लिहावयास सांगितले. केंद्रबिंदू मुद्दाम डोंगराच्या उतारावर, नकाशात हिरवा रंग असलेल्या भागात घेतला होता. छापील नकाशावर त्या वर्तुळात एकच नाव होते. मागच्या बाकावरील दोन विद्यार्थिनींनी पेन्सिल घेतली आणि आपल्या मामाच्या, आत्याच्या, मावशीच्या पाड्यांची नावे भरण्यास सुरुवात केली. तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचे भरणे संपले नव्हते.